कोरडा मिस्त्री

बावीस वर्षं त्यानं कॉफीची यंत्रं दुरुस्त केली, आणि त्यातली एकवीस वर्षं कॉफीचा एक घोटही घेतला नाही. बहिऱ्यानं तंबोरा लावावा तसं ते काम होतं, पण लागायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. यंत्राचा आवाज ऐकायचा, वाफेचा वास घ्यायचा, पेल्यात पडणारी धार बघायची. धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक हवी आणि मध्ये तुटता कामा नये. मग पेला दुकानातल्या माणसापुढे सरकवायचा आणि विचारायचं, "कशी झाली?" समोरच्याच्या भुवया वर गेल्या की हत्यारं पेटीत. भुवया जवळ आल्या की पाना पुन्हा हातात. धंद्यातले लोक त्याला 'कोरडा मिस्त्री' म्हणत. त्याला राग नव्हता. उलट तोच म्हणे, "कॉफी माझ्या पोटासाठी आहे, पोटात जायला नाही."

कारण उघड होतं. तो मॉर्मन होता, अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा. बापानं तो पंथ स्वीकारला तेव्हा हा चार वर्षांचा होता. म्हणजे आठवतं तेव्हापासून हेच. दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही, कॉफी नाही. रविवारी काम नाही. मोठेपणी कपड्यांच्या आत घालायचा पवित्र कपडा, तो अंगावरून उतरवायचा नाही. आणि खिशात कार्ड. आठवड्याच्या सभेला कुणीही येऊन बसावं, पण मंदिराची गोष्ट वेगळी. तिथे जायचं तर दर दोन वर्षांनी बिशपसमोर, म्हणजे मंडळीच्या प्रमुखासमोर, बसून प्रश्नांना हो-नाही सांगायचं. शेवटचा प्रश्न असायचा, "तू स्वतःला मंदिरात जायला पात्र समजतोस का?" हो म्हटलं की सही होऊन कार्ड हातात. लग्नं मंदिरात लागत, अनंतकाळासाठी. ती बघायलाही कार्ड लागे. नवरीच्या बापालाही.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं ते सगळं सोडलं. भांडण झालं नाही, कुणी अपमान केला नाही. तीन वर्षं तो बायबलमधली शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि जितकं वाचावं तितकं त्याला वाटे, की हा प्रभू कुणालाच दारात उभं करून प्रश्न विचारत नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांच्याकडे तर सरळ जेवायला जातो. एका रविवारी तो सभेला गेला नाही. पुढच्याही नाही. बायको आणि मुलगी जात राहिल्या. पवित्र कपडे त्यानं धुऊन, घड्या घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवले. दर पंधरवड्याला बायको त्या घड्या उन्हात टाकते आणि पुन्हा तशाच ठेवते, हे त्यानं पाहिलं होतं.

तो जाऊ लागला ती नवी ख्रिस्ती मंडळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत भरे. तीस खुर्च्या, एक बाजाची पेटी, आणि खालून येणारा टायरचा वास. पाळकबाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका होत्या. अजूनही बोलता बोलता हवेत नसलेला खडू फिरवत. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर मिस्त्री त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, यादी कुठे मिळेल?"

"कसली यादी?"

"काय चालतं, काय चालत नाही, त्याची."

"यादी नाही."

"संपली का?"

"छापलीच नाही," बाई म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. अडचण काय आहे?"

"अडचण अशी, की कॉफी प्यायची का नाही? रविवारी कामाला जायचं का नाही? कुणी सांगितलंच नाही तर माणूस पात्र आहे की नाही हे कळायचं कसं?"

"पात्र म्हणजे काय, मिस्त्री?"

"लायक."

"आणि?"

त्यानं विचार केला. "भांडं."

"तुमच्या यंत्रातही पाण्याचं भांडं असेल. पाणी भरण्याआधी ते भांडं लायक आहे का, हे तपासता?"

"गळतं का, ते तपासतो."

"भरायच्या आधी की भरल्यावर?"

"भरल्यावरच. कोरडं भांडं गळतं की नाही, कुणाला कळणार?"

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "आधी भरणं, मग गळती. तुमची जुनी मंडळी उलट करत होती, एवढंच. आता कॉफीचं म्हणाल तर स्वतःलाच विचारा. हिनं माझ्या गळ्यात दोरी पडते का? माझ्यामुळे शेजाऱ्याचं पाऊल घसरतं का? आणि हिच्यासाठी मनापासून देवाचे आभार मानता येतात का? तिन्ही उत्तरं तुमची तुम्ही द्यायची. मी वह्या तपासणं कधीच सोडलंय."

त्याला ते अवघड गेलं. आयुष्यभर तयार कपडे घातलेल्याला कुणी कापड आणि कात्री हातात द्यावी, तसं. पण तो कामाचा माणूस होता. यंत्राबरोबर छापील पुस्तिका आली नसेल तरी यंत्र उघडतंच. तो एकेक गोष्ट उघडून बघू लागला.

पहिल्यांदा रविवारचा प्रश्न आला. रुग्णालयाच्या उपाहारगृहातून फोन आला. यंत्र बंद आहे, सलग दोन पाळ्या करणाऱ्या परिचारिका ताटकळल्यात. तो उपासना आटोपून गेला. दुपारी एका चकचकीत दुकानातूनही फोन आला, त्यांना मात्र त्यानं सोमवार दिला. दोघांची यंत्रं एकाच कंपनीची, बिघाडही एकच. पण एकीकडे दमलेली माणसं होती, दुसरीकडे घाई होती. हा फरक त्याला कुणी शिकवला नव्हता आणि तो कुठे लिहिलेलाही नव्हता. घरी परतताना त्याला त्याचं बरं वाटलं.

त्याच दिवशी त्यानं कॉफी घेतली. नेहमीप्रमाणे पेला पुढे सरकवून विचारलं, "कशी झाली?" उपाहारगृह सांभाळणाऱ्या जाड्या बाईनं तो तसाच परत सरकवला. "आज तुम्हीच सांगा. माझ्या जिभेला चव नाही, सर्दी झालीय."

तो पेल्याकडे बघत राहिला. मग डोळे मिटून आभार मानले आणि घोट घेतला.

"कडू आहे."

"अहो मिस्त्री, कॉफी कडूच असते."

तेव्हापासून दिवसाला एक, कामाच्या जागी, काम झाल्यावर. दोन नाही. गळ्यात दोरी नको म्हणून. दारूला त्यानं हात लावला नाही. कुंपण पडलं म्हणून शेतभर धावत सुटायलाच हवं असं थोडंच आहे, आणि नव्या मंडळीत त्याच्या शेजारी एक वेल्डर बसे, दारू सुटून अडीच वर्षं झालेला. त्याला एकट्याला पाणी पिताना बघणं मिस्त्रीला जमलं नसतं.

उरला घरचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यानं पहिल्या दिवशीच देऊन टाकलं. घरात कॉफी आणायची नाही. बायकोला त्रास होईल. कामावरून निघताना तो पुदिन्याच्या दोन गोळ्या तोंडात टाकी. गोळ्यांची चपटी डबी शर्टाच्या वरच्या खिशात असे, पाकिटाला खेटून. शेजाऱ्याचं पाऊल घसरू नये म्हणून आपण एवढं करतो, याचं त्याला मनातून थोडं कौतुकही होतं.

मुलगी रुग्णालयात एक्स-रे काढते. बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. तो म्हणे, "एक आरपार बघणारी, दुसरी बारीक बघणारी. या घरात मी लपवणार काय?" हे तो गमतीनं म्हणे.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मॉर्मनच, स्वभावानं शांत, दोन वर्षं धर्मप्रचार करून आलेला. लग्न मंदिरात, महिन्याअखेरच्या शनिवारी सकाळी दहाला. ते ठरलं त्या दिवशी मिस्त्रीनं सगळ्यांबरोबर आनंद केला आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. लग्न होणार आत, आणि तो बसणार बाहेर.

लग्नाला तीन आठवडे असताना मुलगी स्वयंपाकघरात त्याच्यासमोर येऊन बसली. तो पावाला लोणी लावत होता.

"बाबा, तुमचं कार्ड बघू."

"कशाला?"

"बघू तर."

त्यानं पाकिटातून काढून दिलं. चौदा महिन्यांत ते टाकून द्यायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत असे. तिनं कार्ड उलटं केलं, तारखेवर बोट ठेवलं.

"पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत चालतंय. मी मनात हिशोब केलाच होता."

"पोरी, मी आता—"

"मला माहितेय तुम्ही आता काय आहात. मी तुम्हाला परत या म्हणत नाहीये. खोटं बोला असंही नाही. दारात कुणी प्रश्न विचारत नाही, बाबा. कार्ड दाखवायचं, आत यायचं, आईशेजारी बसायचं. पंचवीस मिनिटं. मी मान वर केली की तुम्ही दिसायला हवेत, बास."

"बिशपनं रद्द केलं असेल."

"नाही केलं. मी विचारलं नाही, पण केलं असतं तर तुमच्या हातात ते राहिलं नसतं." तिनं कार्ड त्याच्या ताटलीपाशी ठेवलं. "माझ्या वर्गातल्या मुलींचे बाप दारू पिऊन लग्नात आले होते. मला बाप मिळालाय शुद्धीतला, आणि तोच बाहेर बसणार? हसतील लोक."

"बघतो," तो म्हणाला.

'बघतो' हा शब्द फार सोयीचा. त्यात होही बसतं आणि नाहीही बसतं. पुढचा आठवडाभर मिस्त्री त्यात राहिला. कामावर व्हॉल्व्ह उघडताना तो स्वतःशी वाद घाली. कार्ड खरं आहे. सही खरी आहे, त्या दिवशीची उत्तरंही खरी होती. कुणाचं नुकसान नाही, उलट दोन जीव सुखावतात. पाळकबाईंचे तीन प्रश्न त्यानं लावून पाहिले. गळ्यात दोरी? नाही. शेजाऱ्याचं पाऊल घसरणं? उलट त्याला आधारच. आभार मानता येतात? इथे जरा अडखळायला होई, पण मुलीचं लग्न बघायला मिळाल्याचे आभार का मानता येणार नाहीत? तिन्ही प्रश्न पास. तरीही वॉशर नवा टाकून, सगळं घट्ट आवळूनही कुठून तरी थेंब येत राहावा, तसं काहीतरी होत होतं. गळती सापडत नव्हती.

ती बायकोनं दाखवली. संध्याकाळचे सहा वाजले असतील. तो घरी येऊन बूट काढत होता. ती जेवणाच्या टेबलावर मुलीच्या बुरख्याला, म्हणजे डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीला, टाके घालत होती.

"अहो, तुमचा घसा किती दिवस बसलाय?"

"घसा? ठीक आहे की."

"मग गोळ्या कशाच्या?"

"त्या... तोंडाला वास येतो म्हणून."

"कसला?"

तिनं सुई जाळीत खोचून ठेवली.

"चष्म्याचं भिंग बसवताना मी गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लावून असते. दिवसाला तीस माणसं. कोण काय खाऊन आलंय, काय पिऊन आलंय, मला कळतं. तुम्हाला रोज पुदिन्याचा वास येतो, आणि पुदिन्याच्या खाली कॉफीचा. तेरा महिने. मला वाटत होतं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं गं. मी घरात आणली नाही कधी. तुझ्यासाठी."

"कॉफीचं वाईट वाटतंच. खोटं कशाला बोलू? मला वाटतं तुम्ही चुकताय, आणि मी रोज प्रार्थनेत ते सांगते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भिंगाचा नंबर सांगताना असतो तसा. "पण एक सांगा. तुम्ही माझ्यासाठी लपवलंत, की माझ्यापासून?"

मिस्त्री एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बसून राहिला. गळती सापडली होती. कॉफी न आणणं तिच्यासाठी होतं. ते बरोबरच होतं. गोळी तिच्यापासून होती. एकाच नावाखाली खपवलेल्या दोन गोष्टी. आणि खिशात त्या डबीला खेटून तिसरी.

त्यानं पाकीट काढलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि मुलीनं काय मागितलं ते सांगितलं. बायकोनं कार्डाला हात लावला नाही.

"मला माहितेय. मला विचारूनच ती तुमच्याकडे आली."

"मग तू काय म्हणतेस?"

ती उठली, पेलाभर पाणी घेतलं, प्यायली नाही.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "मी हो म्हणेन."

दुसऱ्या दिवशी तो बिशपकडे गेला. मॉर्मन मंडळीत बिशप पगारी नसतो. पोटापाण्याला काहीतरी वेगळं करतो. हा बिशप दातांचा डॉक्टर होता, आणि अठरा वर्षं मिस्त्रीचे दात त्याच्याच ताब्यात होते. सभेत तो त्याला 'ब्रदर' म्हणे, दवाखान्यात 'मिस्त्री'.

"मिस्त्री! या, या. वेळ घेतली नव्हती ना? असू दे, खुर्ची रिकामीच आहे. आ करा."

"डॉक्टर, मी दातासाठी—"

"आ करा म्हटलं की करावं. खुर्चीत बसून कुणी भाषण करतं का?"

तो आ करून पडून राहिला. डॉक्टरनं आरसा आत घातला, दिवा खाली ओढला, आणि सावकाश म्हणाला, "खालच्या पुढच्या चार दातांच्या आतल्या बाजूला डाग आहेत. गेल्या खेपेलाही होते. त्याच्या आधीच्या खेपेला फिकट होते. चहा असा डाग देत नाही. तंबाखू तर नाहीच."

"आँ," मिस्त्री म्हणाला.

"कबूल?"

"आँ."

"चूळ भरा."

त्यानं चूळ भरली आणि उठून बसला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग कार्ड परत का नाही मागितलंत?"

डॉक्टर हातमोजे काढत होता. एकेक बोट मोकळं करायला त्याला वेळ लागला. "मागायला हवं होतं. नियमानं चूक केली मी. पण मला वाटलं, कार्ड खिशात आहे तोवर माणूस परत येण्याची वाट तरी शिल्लक आहे. दार लावून घेऊन 'या, या' कसं म्हणायचं?"

मिस्त्रीनं कार्ड काढून हत्यारांच्या स्टीलच्या थाळीत ठेवलं, आरशाशेजारी. डॉक्टरनं ते पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"लग्न शनिवारी ना, पुढच्या?"

"हो."

"मी दवाखान्यात बिशप नसतो. इथे कुणी कार्ड दिलं तर मी ते घेऊ शकत नाही." त्यानं थाळी बोटभर पुढे सरकवली. "रविवारी आणा. लग्नानंतरच्या रविवारी. मी तेव्हा असेन."

हा मोह बाहेरून आला असता तर झटकता आला असता. हा तर अठरा वर्षं आपले दात राखणाऱ्या माणसानं, डोळे चुकवत, प्रेमानं पुढे केला होता. मिस्त्रीचा हात थाळीपर्यंत गेलाही.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही मला शेवटचा प्रश्न विचारायचात, पात्र आहेस का म्हणून. मी दर वेळी हो म्हणालो, आणि दर वेळी बाहेर पडताना मला घाम फुटलेला असायचा. आता मला कुणी तो प्रश्न विचारत नाही. पण हे खिशात ठेवून दारात जाणं म्हणजे विचारण्याआधीच हो म्हणण्यासारखं आहे. आणि ते 'हो' खोटं आहे. तुमची माणसं जे मंदिर पवित्र मानतात, तिथे मी खोटं घेऊन शिरू? मी ते मानत नाही म्हणून तर मुळीच नाही."

डॉक्टरनं कार्ड उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "मुलीला सांगितलंत?"

"आता सांगणार."

"ते दात काढण्यापेक्षा अवघड आहे," डॉक्टर म्हणाला. "भूल नसते."

नव्हतीच. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तत्त्व तुमचं, आणि सोसायचं मी?"

ते खरं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी दारापर्यंत येईन. दार उघडेल तेव्हा समोर असेन."

"एक दिवस वाकता आलं नाही तुम्हाला."

"वाकता येतं, पोरी. पण तसा वाकून आत शिरलो, तर तू मान वर करशील तेव्हा तुला बाप दिसणार नाही. लपलेला माणूस दिसेल. तू एक्स-रे काढतेस. तुला तर पहिल्यांदा दिसेल."

ती हसली नाही. उठून खोलीत गेली. पुढचे दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली: गाडी किती वाजता, फुलं कोण आणणार, काळा कोट इस्त्रीला दिला का. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट देई आणि रोज संध्याकाळी घरी येई. गोळ्यांची डबी त्यानं कचऱ्यात टाकली होती. बायकोच्या जवळून जाताना त्याला आता अवघडल्यासारखं होई. पण ती सरकत नसे.

शनिवारी सकाळी थंडी होती. काळा कोट घालून तो गाडीपाशी उभा होता, तेव्हा बायको पांढऱ्या पोशाखाची पिशवी घेऊन आली आणि तिनं त्याच्या हातात एक थर्मास दिला.

"काय आहे?"

"बसणार किती वेळ बाहेर? गार वारा आहे. घ्या." आणि ती मागच्या सीटवर मुलीशेजारी जाऊन बसली.

मंदिरासमोर छोटी बाग होती आणि बागेत दगडी बाक. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सगळे आत गेले. व्याही, विहीणबाई, मुलाचे काका. जाताना व्याह्यांनी त्याचा खांदा दाबला. मुलगी मागे न बघता आत गेली. बायकोनं एकदा वळून बघितलं. दार लागलं. दार जड होतं, पण आवाज झाला नाही.

दहा वाजले. मिस्त्रीनं कोटाची बटणं लावली. आतलं त्याला सगळं पाठ होतं. त्याचं स्वतःचं लग्न अशाच खोलीत लागलं होतं. आता त्या दोघांना गुडघे टेकायला सांगत असतील. आता मुलगी मान वर करत असेल. त्यानं हात जोडले आणि आभार मानायचा प्रयत्न केला. आधी शब्द सापडेनात, मग एकेक सापडले. मुलीसाठी, जावयासाठी, आत बसलेल्या बाईसाठी. बाकासाठी आभार मानायला मात्र त्याला दोनदा सुरुवात करावी लागली.

मग त्यानं थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ आली आणि तिच्याबरोबर वास. त्याचा विश्वास बसेना. त्यानं झाकणात ओतून पाहिलं. फिकट पिवळट पाण्यासारखं काहीतरी आलं, आणि त्यामागून टप टप करत चार-पाच काळ्या बिया पडल्या. अख्ख्या. त्यानं थर्मास हलवला. आत मूठभर बिया खडखडल्या.

पन्नाशीला आलेली ती बाई जन्मात पहिल्यांदा दुकानात जाऊन कॉफी मागून आली होती. घरी आणून, पहाटे कुणी उठायच्या आत, वाटाणे उकडावेत तशी ती उकळली होती.

तो प्यायला. सगळी. बिया एका बाजूला काढून रुमालात बांधल्या आणि कोटाच्या वरच्या खिशात ठेवल्या.

दार उघडलं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. छायाचित्रकार पुढे धावला, "इकडे बघा, इकडे," म्हणत. मुलगी त्याला ओलांडून सरळ बाकापाशी आली आणि पांढऱ्या पोशाखासकट त्या गार दगडावर बापाशेजारी बसली.

"मी मान वर केली," ती म्हणाली.

"हं."

"आईच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती. काका बसायला आले, तर म्हणाली, जागा घेतलेली आहे. एवढ्या शांत खोलीत, मोठ्यानं." मुलीनं नाक ओढलं. "मला अजून राग आहे तुमच्यावर."

"असू दे."

"आज नाही काढणार."

"उद्या काढ. मी घरीच आहे."

मग ती हसली, आणि छायाचित्रकारानं नेमका तो फोटो टिपला.

बायको सावकाश चालत आली, पर्स काखेत धरून. तिनं आधी मुलीचा पोशाख झटकला, मग थर्मास उचलून हलवला. रिकामा होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, बारीक, भिंग बसवताना बघते तशी.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

बावीस वर्षं तो हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आला होता. आज तो त्याच्यावर आला होता, आणि खिशात गोळ्यांची डबी नव्हती.

"खरं सांगू?"

"दुसरं काही ऐकायला मी आले नाही."

"बिया दळायच्या असतात गं."

तिचा चेहरा लाल झाला, आणि त्या शांत बागेत, मंदिराच्या दारासमोर, तिला हसू आवरेना. "मला कोण सांगणार?" ती डोळे पुसत म्हणाली. "मला आयुष्यात कुणी सांगितलंय का?"

"मी सांगतो," मिस्त्री म्हणाला, आणि बाकावर तिच्यासाठी जागा करायला सरकला.